कवितेसाठी राबणाऱ्यांचा सन्मान कसा करावा: नव्या आयोजकांसाठी मार्गदर्शक

कवींना पुरस्कार मिळत असतात. कवितेचा कार्यक्रम ज्यांच्यामुळे उभा राहतो ते लोक मात्र आभारप्रदर्शनातल्या ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या शब्दांत गडप होतात. निरोप धाडणारे, सभागृहाची किल्ली सांभाळणारे, नियतकालिकाची मुद्रितं तपासणारे, दुसऱ्यांच्या कवितांचे अनुवाद करणारे, न खपणारे कवितासंग्रह दुकानात दर्शनी ठेवणारे, वाचनांची ध्वनिमुद्रणं जपणारे, आणि कुणी ऐकायला नसताना पहिल्या रांगेत येऊन बसणारे. या लोकांसाठी सन्मान सुरू करायचा असेल तर तो नीट कसा करायचा, याची ही कृती आहे. महिन्याला एक वाचन घेणाऱ्या छोट्या गटालाही ती जमेल.

आधी ठरवा: सन्मान कशाचा?

हा सन्मान सेवेचा आहे, कवितेचा नाही, हे लिहूनच ठेवा. निवड समितीत ‘पण त्यांची कविता काही खास नाही’ हे वाक्य एकदा आलं की चर्चा भरकटते. कार्यकर्ता कवीही असेल तर अडचण नाही, फक्त मोजायचं ते त्याचं इतरांसाठी केलेलं काम. अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशननं २००५ साली साहित्यविश्वाच्या सेवेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला लॉरेन्स फर्लिंगेटी यांना दिला. ते स्वतः नावाजलेले कवी होते. पण १९५३ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘सिटी लाइट्स’ हे पुस्तकांचं दुकान भागीदारीत काढलं, पुढे त्याच नावानं कवितांची छोटी पुस्तकं छापली आणि त्यांतल्या एका संग्रहासाठी १९५७ साली अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला. स्वतःच्या ओळींपलीकडचं असं काम या सन्मानात मोजायचं.

देणगीदारांचा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो. देणगी ही सेवाच आहे, पण या सन्मानासाठी ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांनाच तो देऊ नका. विकत घेतल्यासारखा दिसतो. शिवाय एकट्या मोठ्या देणगीदारामागे लपलेले छोटे हात विसरू नका. हॅरिएट मन्रो यांनी शिकागोत १९१२ साली ‘पोएट्री’ मासिक सुरू केलं ते शंभराहून अधिक लोकांकडून वर्षाला पन्नास डॉलर, पाच वर्षांसाठी, अशी वचनं गोळा करून. मासिक आजही निघतं. वेळेवर वर्गणी भरणारा आणि इतरांना भरायला लावणारा माणूस तुमच्याकडेही असेल. त्याचं नाव कुणी सुचवणार नाही, ते समितीलाच शोधावं लागेल.

एका पानाची नियमावली

नियम एका पानाबाहेर गेले की कुणी वाचत नाही. त्यात एवढं असलं की पुरे: सन्मानाचं नाव, किमान किती वर्षांचं काम हवं (पाच ठीक, नव्या गटाला तीन), वर्षाला किती जणांना (एक ते तीन, जास्त नाही), नाव कोण सुचवू शकतो, स्वतःचं नाव सुचवता येतं का (नको), मरणोत्तर देता येतो का, आणि योग्य नाव नसेल तर ते वर्ष रिकामं जाईल हे कलम. शेवटचं कलम कुणाला आवडत नाही. ते नसलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘द्यायचाय म्हणून’ सन्मान दिला जातो आणि आधीच्या मानकऱ्यांचीही किंमत उतरते.

सन्मानाला हयात व्यक्तीचं नाव देऊ नका. पुढे मतभेद झाले तर नाव बदलणं फार अवघड जातं.

समिती पाच जणांची ठेवा. विषम संख्येमुळे मत अडकत नाही. पाचांतला एक तुमच्या गटाबाहेरचा हवा: दुसऱ्या मंडळातला, ग्रंथालयातला किंवा केवळ श्रोता. मुदत दोन वर्षांची, पण सगळे एकदम बदलू नका. एका वर्षी दोघं, पुढच्या वर्षी तिघं. समितीतल्या कुणाचं जवळचं नातं किंवा व्यवहार सुचवलेल्या व्यक्तीशी असेल तर त्यानं त्या नावावरच्या चर्चेपुरतं खोलीबाहेर बसायचं. ‘मी गप्प बसतो’ एवढं चालत नाही, कारण समोर माणूस बसलेला असताना बाकीचे मोकळेपणानं बोलत नाहीत.

सोळा आठवडे हाताशी ठेवा

कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजा. सोळा आठवडे आधी नावं मागवायचं आवाहन, बाराव्या आठवड्यात मुदत संपते, बारा ते नऊ पडताळणी, आठव्यात निवडीची बैठक, सातव्यात संमती, सहा ते चार मानपत्राचा मजकूर, तिसऱ्यात छपाई, शेवटचे दोन आठवडे निमंत्रणं आणि तालीम. वाचायला ऐसपैस वाटतं, पण पडताळणीला नेहमीच ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त लागतो आणि तो पुढे छपाईच्या वेळेतून कापला जातो. मानपत्रावर नाव चुकतं ते इथे.

तारीख निवडताना एक सावधगिरी. २१ मार्च हा जागतिक कविता दिन. युनेस्कोनं १९९९ साली तो जाहीर केला. दिवस शोभेसा आहे, पण त्या दिवशी सगळ्यांचेच कार्यक्रम असतात आणि तुमचा मानकरी, जो बहुधा चार मंडळांत राबतो, तो दुसरीकडे खुर्च्या मांडत असतो. आधीचा किंवा नंतरचा आठवडा घ्या.

नाव सुचवण्याचा अर्ज

अर्ज एक पानाचा, प्रश्न पाच:

१. ही व्यक्ती नेमकं काय करते? (क्रियापदांत लिहा. ‘योगदान देते’ हे उत्तर धरलं जाणार नाही.)
२. केव्हापासून, किती वेळा?
३. याचा फायदा कुणाला झाला? दोन-तीन उदाहरणं.
४. त्यांनी उद्या हे काम थांबवलं तर काय बंद पडेल?
५. हे काम जवळून पाहिलेल्या आणखी दोघांची नावं.

चौथा प्रश्न सगळ्यांत कामाचा. मंचावर दिसणाऱ्या माणसाबद्दल पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं भरभरून येतात आणि चौथ्यापाशी पेन थांबतं. उलट निमंत्रणं पोचवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या माणसाबद्दल लोकांना सुरुवातीला काही सुचत नाही, पण चौथ्या प्रश्नावर ते म्हणतात, ‘मग कार्यक्रमच होणार नाही.’

तरीही केवळ अर्जांवर विसंबू नका. ज्याच्या हाती माईक असतो त्याचंच नाव लोकांना आठवतं. म्हणून समितीनं स्वतः तीन गोष्टींची यादी करावी: किल्ली कुणाकडे असते, पैशांची वही कुणाकडे असते, आणि नवा कवी पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्याशी आधी कोण बोलतं. या तीन उत्तरांत अर्जाबाहेरचं एखादं नाव सापडतंच.

पडताळणी

प्रत्येक नावामागे तीन फोन. अर्ज भरणाऱ्याला, त्यानं दिलेल्या दोघांपैकी एकाला, आणि यादीत नसलेल्या पण ते काम माहीत असणाऱ्या एकाला. विचारायचं ते आकडे आणि तारखा. ‘गेली पंचवीस वर्षं’ हा शब्दप्रयोग सवयीचा असतो. जुनी निमंत्रणपत्रं काढली की बरेचदा अठरा निघतात. अठरा वर्षं कमी आहेत का? नाहीत. पण मानपत्रात पंचवीस छापलं आणि सभागृहात खरा आकडा माहीत असलेला एक जण बसलेला असला, की त्याच्या लेखी बाकीचं मानपत्रही खोटं ठरतं.

तिसऱ्या फोनवर आणखी एक विचारा: ‘या कामात आणखी कोण होतं?’ अनेक कामं दोघांनी मिळून केलेली असतात आणि बोलकी असलेली व्यक्तीच पुढे येते. अनुवादाच्या, संपादनाच्या आणि नवरा-बायकोनं मिळून चालवलेल्या नियतकालिकांच्या बाबतीत हे हटकून होतं. अशा वेळी सन्मान दोघांचा करा, मानपत्रं मात्र दोन छापा.

निवडीची बैठक

गुण देऊन सरासरी काढण्याचा मोह होतो. नको. सरासरीत सगळ्यांना जरा जरा बरं वाटणारं, कुणालाच न खुपणारं नाव वर येतं आणि ज्याच्याबद्दल दोघं तळमळीनं बोलू शकतात ते खाली जातं. त्यापेक्षा प्रत्येकानं बैठकीआधी घरी वाचून दोन नावं आणि त्यांमागचं कारण चार ओळींत लिहून आणावं. बैठकीत आधी सगळ्यांचे कागद वाचायचे, मग चर्चा. असं केलं नाही तर सर्वांत ज्येष्ठ सदस्य पहिला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

न निवडलेली नावं दोन वर्षं जिवंत ठेवा. पुढच्या वर्षी लोकांना पुन्हा अर्ज भरायला लावू नका. आणि चर्चा खोलीतच राहू द्या. ‘तुमचं नाव थोडक्यात गेलं’ हे सांत्वन नाही, ती जखम आहे.

संमती: जाहीर करण्याआधी विचारा

गुपित राखून मंचावर अचानक नाव पुकारणं आयोजकांना आवडतं. पडद्यामागे राहणाऱ्या माणसाला ते नकोसं होऊ शकतं. आधी भेटून किंवा फोनवर विचारा, चार दिवस विचाराला द्या. होकार आला की पुढचं विचारून टिपून घ्या: नाव कसं लिहायचं (वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये हवं का, टोपणनाव चालेल का), उच्चार कसा, पायऱ्या चढता येतात का, ऐकायला त्रास आहे का, सोबत कोण येणार, बोलायचं आहे की नाही.

नकार आला तर आग्रह धरू नका. ‘एवढ्या सगळ्यांनी ठरवलंय’ असा दबाव आणलात तर सन्मानाचं ओझं होतं. न येणाऱ्याचा मान दुसऱ्या वाटेनं राखता येतो: पुढच्या संग्रहाच्या श्रेयपानावर नेमक्या कामासह नाव, किंवा त्यांनी जपलेल्या ध्वनिमुद्रणांची नीट सूची करून देणं. काहींना हेच जास्त आवडतं.

मानपत्र

घोडं पेंड खातं ते इथं. मानपत्र लिहायला बसलं की हात आपोआप विशेषणांकडे वळतो. नमुना पाहा, दोन्ही कल्पित आहेत.

आधी नेहमीचा: ‘साहित्यसेवेचा वसा घेतलेले, निगर्वी, ऋजू, काव्यरसिकांच्या गळ्यातले ताईत असलेले आपले व्यक्तिमत्त्व बहुआयामी आहे. आपल्या अमूल्य योगदानाने काव्यक्षेत्र समृद्ध झाले आहे.’

हे कुणालाही लागू पडतं. नाव बदला, पुढच्या वर्षी चालेल. आता दुसरा:

‘महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेपाचला सभागृहाचं कुलूप उघडतं. अकरा वर्षं ती किल्ली तुमच्याकडे आहे. या काळात १२६ वाचनं झाली. त्यांतल्या ११९ वाचनांची ध्वनिमुद्रणं तारीख आणि कवीच्या नावासह तुम्ही जपली आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही अर्धा तास आधी बोलावून रिकाम्या सभागृहात एक कडवं वाचायला लावलंत, म्हणून त्याला आपलाच आवाज माईकवर ऐकून दचकायला झालं नाही. पाऊस पडला त्या दिवशी तीन श्रोते होते. वाचन तुम्ही रद्द केलं नाही.’

दुसऱ्यात ‘निगर्वी’ हा शब्द नाही, पण माणूस दिसतो. युक्ती सोपी आहे: पहिल्या वाक्यात ठिकाण किंवा कृती, मग आकडे, मग एक अशी बारीक गोष्ट जी फक्त जवळच्यांना माहीत आहे. विशेषण सुचलं की ते खोडून त्याजागी तसं वाटायला लावणारी घटना लिहा. एवढं करूनही एक विशेषण उरलंच तर राहू द्या.

लांबी ९० ते १२० शब्द. मोठ्यानं सावकाश वाचायला मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. तीनशे शब्दांचं मानपत्र वाचताना निवेदकाचा घसा कोरडा पडतो आणि मानकरी उभ्या उभ्या कुठे बघावं या विवंचनेत असतो.

छपाईच्या गोष्टी थोड्या, पण इथेच घात होतो. कागद ए-फोर किंवा ए-थ्री, २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; जितकं जास्त तितका कागद जाड), आम्लमुक्त मिळाला तर उत्तम, कारण साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो. मजकूर १६ ते १८ पॉइंटमध्ये, नाव त्याच्या दुप्पट. लॅमिनेशन नको, ते कडेला सुटतं, फुगतं आणि एकदा केलं की पूर्ववत करता येत नाही. छापखान्यात मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून, फाँट आत गुंफलेल्या पीडीएफच्या रूपातच द्या. नुसती वर्डची फाइल दिली आणि तिथे तो फाँट नसला, किंवा मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलून घेतला गेला, की रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं सुटतात. मुद्रितं दोघांनी तपासावीत आणि त्यांतल्या एकानं तरी मजकूर आधी पाहिलेला नसावा. नाव आणि आकडे शेवटून सुरुवातीकडे वाचा. ओळखीच्या शब्दांवरून डोळा घसरतो, उलटं वाचताना घसरत नाही. अंतिम मुद्रित मानकऱ्याच्या घरच्या एखाद्या व्यक्तीला नावापुरतं दाखवा.

खाली तारीख, अनुक्रमांक आणि दोन सह्या. सह्या कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी. शाई ओली असताना चौकटीत घातलेली मानपत्रं काचेला चिकटतात.

सोबत काय द्यायचं

जड सन्मानचिन्हं नकोत. वयस्क माणसाला दोन किलोचं काही हातात देऊन फोटोसाठी थांबवणं निर्दयपणा आहे. निधी असेल तर रक्कम द्या. निधी नसेल तर ज्यांना या व्यक्तीचा उपयोग झाला अशा वीस-पंचवीस कवींकडून प्रत्येकी एक कविता स्वहस्ताक्षरात, एकाच आकाराच्या कागदावर मागवा आणि शिवून बांधून घ्या. यासाठी कवींना किमान सहा आठवडे द्या आणि मुदत खरी तारीख असते त्याच्या दहा दिवस आधीची सांगा. कवी लोक.

रक्कम देणार असाल तर ती व्यक्तीसाठी आहे की तिच्या कामासाठी, हे आधीच ठरवा आणि तसं लिहून द्या. नियतकालिक चालवणारा माणूस मिळालेले सगळे पैसे पुढच्या अंकात घालतो. घालू दे, पण ‘हे तुमच्यासाठी’ असं कुणीतरी म्हटलेलं असावं. प्रवासखर्च या रकमेत धरू नका. तो वेगळा, आणि न मागता द्यायचा.

कार्यक्रमाचा दिवस

सन्मान वाचनाच्या मध्यात ठेवा. सुरुवातीला लोक येत असतात, शेवटी उठत असतात. एका व्यक्तीसाठी बारा मिनिटं: निवेदन एक, मानपत्रवाचन सव्वा, प्रदान आणि फोटो दोन, मानकऱ्याचं बोलणं चार, त्यांच्या आवडीच्या एका कवितेचं वाचन दोन, उरलेला वेळ चालण्या-बसण्यात जातो. पाहुण्यांचं भाषण यात नाही. पाहुणे पंचवीस मिनिटं बोलतात, मग निवेदक घड्याळ दाखवतो आणि मानकऱ्याला ‘दोन शब्द’ सांगतो. पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना सन्मानानंतर बोलू द्या.

मानपत्र देण्यासाठी मोठं नाव शोधण्यापेक्षा ज्याला त्या व्यक्तीनं पहिल्यांदा मंचावर आणलं असा तरुण कवी बोलवा. मंचावर एका वेळी चारच माणसं. फोटो काढणाऱ्याला आधी जागा दाखवा: मानपत्राचा चेहरा सभागृहाकडे, काच असेल तर किंचित खाली झुकवलेली, नाहीतर दिव्याचा पांढरा ठिपका नेमका नावावर येतो.

आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. तुम्ही ज्याचा सन्मान करताय तोच दर वेळी माईक लावतो, पाण्याच्या बाटल्या ठेवतो, उशिरा आलेल्यांना जागा देतो. त्या दिवशी ही कामं कोण करणार याची यादी आधी करा, एकेका कामापुढे नाव लिहा आणि ती यादी मानकऱ्याला दाखवा. नुसतं ‘आज तुम्ही बसा’ म्हणून भागत नाही. माईक शिट्टी मारायला लागला की तो उठतोच. त्यामुळे माईक सांभाळणाऱ्या नव्या माणसानं आधीच्या दोन कार्यक्रमांत त्याच्याकडून ते काम शिकून घेतलेलं असावं: आवाजाचे खटके कुठे आहेत, कोणती वायर हलली की खरखर येते, स्टँडची कुठली चावी गुळगुळीत झाली आहे.

नंतरची कामं

आठवड्याच्या आत मानकऱ्याला फोटो आणि मानपत्राची डिजिटल प्रत पाठवा. ध्वनिमुद्रण केलं असेल तर त्यांच्या बोलण्याचा भाग वेगळा कापून द्या. घरच्यांना पूर्ण दोन तास नको असतात.

नोंदवहीत प्रत्येक मानकऱ्यासाठी एक पान: मानपत्राचा पूर्ण मजकूर, तारीख, समितीची नावं, पडताळणीत मिळालेले आकडे आणि ते कुणी सांगितले. ‘अध्यक्षांच्या संगणकावर आहे’ ही नोंद नव्हे. एक प्रत कागदावर, एक दुसऱ्या कुणाकडे, एक ग्रंथालयात.

मरणोत्तर सन्मान असेल तर कुटुंबाला फक्त मंचावर बोलावून बोळवण करू नका. त्या व्यक्तीची पत्रं, हिशेबवह्या, निमंत्रणपत्रं, जुन्या कॅसेट घरात कुठेतरी पडलेल्या असतात आणि पहिल्या आवरासावरीत रद्दीत जातात. भेटायला जाताना आम्लमुक्त कागदाची पाकिटं, शिसपेन्सिल आणि एक खोका घेऊन जा. पाकिटावर तारीख पेन्सिलीनं घाला, शाईनं नाही. स्टेपलच्या पिना आणि रबरबँड काढून टाका, कारण पिना गंजतात आणि रबर वितळून कागदाला चिकटतं. काय घेतलं याची यादी दोन प्रतींत करा, एक प्रत सही करून कुटुंबाकडे ठेवा, आणि कॅसेट उन्हात तापलेल्या गाडीत मागच्या काचेपाशी ठेवू नका.